सात वारांच्या आत्या

आत्या माणसांना नावानं हाक मारत नसत, वारानं मारत. सांगलीच्या विश्रामबागेत भाजी घेताना पाठीमागून "ओ गुरुवार!" अशी खणखणीत हाक आली की मी पिशवी सावरत वळायचो. भाजीवाल्या हसायच्या. आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना वाटायचं, एक तर म्हातारीचं डोकं फिरलंय, नाहीतर या माणसाचं. मला मात्र ती हाक आवडायची. कॉलेजच्या कार्यालयात मी शिपायापासून अधीक्षकापर्यंत चढलो, पण कुठल्याही पदाचा मला इतका अभिमान वाटला नाही जितका 'गुरुवार' असण्याचा वाटला. तो गुरुवार माझ्याकडे दीड वर्ष होता. मग मी तो घालवला, आणि कसा घालवला ते आजवर बायकोशिवाय कुणाशी धड बोललेलो नाही.

आत्यांचं नाव सुलाबाई. जतकडच्या कोरडवाहू भागातल्या धनगर घरातल्या. लहानपण मेंढरांमागं चालण्यात गेलं. नवरा लवकर गेल्यावर त्या सांगलीत आल्या आणि एका बालगृहात काळजीवाहिका म्हणून लागल्या. आई-बाप नसलेली, टाकून दिलेली, स्टँडवर सापडलेली मुलं तिथं असत. ती त्यांना आत्या म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. आत्यांनी मुलं सांभाळली ती मेंढरं सांभाळावीत तशी. असं त्यांच्या तोंडावर म्हटलं तर त्यांना राग येत नसे, उलट बरं वाटे. "मेंढरू सांभाळनं सोपं वाटतंय व्हय तुमास्नी?" त्या विचारायच्या.

एक गोष्ट त्यांनी मेंढरांकडून आणली होती. त्या मुलं मोजत नसत. "मोजायचं नसतंय. नुसतं बघायचं. कोन न्हाई त्ये आपसूक दिसतंय." एकदा पंधरा ऑगस्टला बालगृहाच्या अधीक्षकांनी मुलं दोनदा मोजली. संख्या बरोबर भरली. आत्या लांबून बघत होत्या. म्हणाल्या, "तिसरीतला बारक्या न्हाई." अधीक्षक वैतागले, "अहो बाई, आकडा जुळलाय!" आत्या तोवर पाण्याच्या टाकीमागं पोचल्या होत्या. बारक्या तिथं झोपला होता. आकडा जुळला होता तो आलेल्या एका पाहुण्यांचा मुलगा रांगेत उभा राहिला म्हणून.

माझी त्यांची पहिली गाठ पडली तीही अशाच एका कार्यक्रमात. आमच्या भागात एक मित्रमंडळ आहे. मी त्याचा चिटणीस. थंडीत आम्ही बालगृहात कांबळी वाटायचो, जूनमध्ये वह्या. त्या वर्षी वाटप सुरू झालं, मुलं रांगेनं पुढं येत होती, आणि आमचा फोटोवाला प्रत्येक मुलाला "वर बघ, हस, कांबळं छातीशी धर" असं सांगत होता. एक मुलगी मान वर करीना. तो तिची हनुवटी धरायला गेला तशा आत्या मधे आल्या.

"दादा, तुमी काय आनलंय?"

"काय म्हणजे? कांबळी."

"मग कांबळ्याचा फोटो काढा की. त्ये मान खाली घालत न्हाई."

मंडळाचे अध्यक्ष रागावले. मीही मनातून रागावलो. पण फोटो थांबले. जाताना आत्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "कांबळी लय चांगली हायेत. उबदार हायेत. वाईट वाटून घिऊ नका." हे त्यांचं नेहमीचं होतं. टोला द्यायचा आणि मग हळद लावायची.

बालगृहात मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याला तिथं राहता येत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. वाढदिवसानंतर एक ट्रंक, कागदपत्रांची फाईल आणि शुभेच्छा. पुढं ज्याचं तो. आत्या सांगायच्या, बाहेर पडलेली पोरं जेवणाच्या वेळेला परत येऊन कंपाउंडच्या भिंतीपाशी उभी राहायची. खायला मागायची नाहीत. आत ताटांचा आवाज व्हायचा तो ऐकायची आणि निघून जायची.

निवृत्त झाल्यावर आत्यांनी ठरवलं, या पोरांना वार लावून द्यायचे. आमच्या आजोबांच्या वेळी गावाबाहेर शिकायला गेलेले गरीब विद्यार्थी असे जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, सात दिवस सात घरं. बालगृहातल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी त्यांना ही पद्धत सांगितली होती. आत्यांना ती लगेच पटली. "तवा ठराविक पोरांचीच सोय व्हायची म्हनं. आता माझ्या पोरांची करा." संस्थेचे लोक हसले. या काळात कोण परक्या पोराला आठवड्याला पानावर घेतं? आत्या म्हणाल्या, "मागून तरी बघू."

आमच्या घरी त्या आल्या त्या दिवशी मी वर्तमानपत्र वाचत होतो. दारातूनच म्हणाल्या, "चिटणीससाहेब, मी वार मागाय आलीया."

समजावून सांगितल्यावर मी म्हणालो, "आत्या, त्यापेक्षा मी मुलाची खानावळ भरतो. महिन्याच्या महिन्याला चेक देतो."

"पोट भराय खानावळ हाय की. मला पैसं नकोत. मला गुरुवार पायजे. माझं सहा झाल्यात, गुरुवार तेवढा राह्यलाय."

"पण एका दिवसानं काय होणार?"

आत्या उंबऱ्याजवळ बसल्या. त्यांनी मला बालगृहातल्या आधीच्या एका मुलाची गोष्ट सांगितली. त्याचे सहाच वार भरले होते. बुधवार मोकळा होता. त्या दिवशी तो स्टँडवर जाऊन बसायचा. स्टँडवर त्याला सोबत मिळाली, सोबतीबरोबर दारू मिळाली आणि वर्षभरात तो कुठं गेला ते कुणाला कळलं नाही. "सहा दिस पोरगं चांगलं व्हतं, गुरुवार. एका दिसानं खाल्लं त्याला." त्यांनी मला त्याच वेळी गुरुवार म्हणून टाकलं. मी अजून हो म्हटलंही नव्हतं.

मग त्यांनी माझ्या बायकोची, शुभांगीची, उलटतपासणी घेतली. "जेवाय कवा बसता? टीव्ही लावून जेवता का? ताट कसलं देनार?"

"आमचं असतं तेच. स्टीलचं."

"भाजी उरलेली देनार न्हाई न्हवं?"

"आम्हीच उरलेली खातो हो बऱ्याचदा," शुभांगी म्हणाली.

"मग त्याला बी द्या," आत्या खूश होऊन म्हणाल्या. "तुमी खाताय तर त्यानं बी खावं. आन् ऐका. पावना करू नका त्याचा. पावन्याला एक दिस जायचं असतंय. तिसऱ्या खेपेला त्याचं पानी त्यानंच घ्याय पायजे. आन् न्हाई आला तर ताट वाढून घटकाभर वाट बघायची आन् मला फोन करायचा. त्यो न्हाई आला म्हनून कुनीतरी इचारलं पायजे. एवढ्यासाठीच मी हिंडतीया."

आमच्या गुरुवारचा मुलगा म्हणजे सूरज. आयटीआयला टर्नरचं शिकत होता. आयटीआय सकाळचं, त्यामुळं दीडच्या सुमाराला जेवायला यायचा. मीही त्या वेळेला कॉलेजातून घरी येत असे.

आत्यांची बाकीची घरं मला हळूहळू कळली. मंगळवार म्हणजे साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार. ते सूरजला जेवणाआधी अंगणात वीस जोर मारायला लावायचे आणि नखं वाढलेली दिसली तर बोंब मारायचे. मी आत्यांना म्हटलं, "हे जरा जास्त होतंय." आत्या म्हणाल्या, "वरडतोय न्हवं? मग घरचाच समजतोय. पावन्यावर कोन वरडतंय?" शनिवार म्हणजे धान्याचे एक जैन व्यापारी. त्यांच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवण आटोपतं, म्हणून शनिवारी त्याचं जेवण संध्याकाळी लवकर असे, आणि हिवाळ्यात सूरज सायकल दामटत सूर्याशी शर्यत लावायचा. व्यापाऱ्यांची आई गच्चीवर उभी राहून मावळतीकडं आणि रस्त्याकडं आळीपाळीनं बघायची. "ये रे बाबा, अजून बोटभर आहे," असं वरून ओरडायची.

एक बुधवार मात्र आत्यांनी काढून घेतला. मोठा बंगला, ऊस बागायतदारांचा. तिथं सूरजचं ताट मागच्या व्हरांड्यात वाढलं जायचं. जेवण उत्तम, वर केळं. आत्या न सांगता जेवणाच्या वेळी घराघरांत डोकावत. व्हरांडा बघितला आणि निघून आल्या. दुसऱ्या दिवशी बुधवारसाठी दुसरं घर बघितलं आणि बंगल्यावर जाऊन म्हणाल्या, "तुमचा बुधवार परत घ्या. लय जड झालाय." बंगल्यातल्या बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही आपलं काय चुकलं. मला कळलं होतं. ती गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! सांगताना आपण व्हरांड्यातले नव्हे, याचा मला आतून आनंद व्हायचा.

आणि खरंच, आमच्याकडं तसं नव्हतं. सूरज सुरुवातीला मान खाली घालून जेवायचा. दोन महिन्यांनी शुभांगीला म्हणाला, "काकू, आमटी आज पानचट झालीया." त्या दिवशी शुभांगीनं आत्यांना मुद्दाम फोन करून हे सांगितलं. आत्या फोनवर हसत राहिल्या. माझी मुलगी प्राजक्ता त्याच्याशी चार्जरवरून भांडायची. तो कोथिंबीर बाजूला काढायचा म्हणून शुभांगी ओरडायची. नारळ सोलायचं काम आपोआप त्याच्याकडं गेलं. तो खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायचा आणि गुरुवारी त्या खुर्चीवर आमच्यातलं कुणी बसत नसे.

प्राजक्तासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. फलटणकडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, साताऱ्यात स्थायिक. मुलगा पुण्यात इंजिनीअर. घराणं चांगलं. रविवारी यायचं ठरलं होतं, पण ते कोल्हापूरला देवीला जाऊन परत निघाले होते, तेव्हा गुरुवारीच फोन आला, "वाटेतच आहोत, दहा मिनिटं टेकून जातो." पावणेदोन वाजले होते. सूरज ताटावर बसला होता. मीही.

पाहुणे आले. नवरा-बायको दोघंच. आमची धावपळ झाली. प्राजक्ता आत पळाली. मी उठून नमस्कार केला. गृहस्थ बसले, इकडंतिकडं बघितलं आणि सहज, अगदी सहज सूरजकडं बघून म्हणाले, "हे चिरंजीव का?"

"नाही नाही," मी म्हणालो. "हा वरकामाला येतो आमच्याकडं. घरच्यासारखाच आहे."

मी ते का म्हणालो, याचा मी नंतर खूप विचार केला आहे. विचार करून बोललो असतो तर कदाचित काही सबब सापडली असती. विचार केला नव्हता. एका क्षणात डोळ्यांपुढं प्रश्नांची रांग उभी राहिली: कुणाचा मुलगा, आई-बाप कुठले, जात कोणती, वयात आलेली मुलगी घरात असताना हा कशाला येतो. त्या रांगेला मी एका वाक्यात वाट काढून दिली. जीभ इतकी सराईतपणे वळली की जणू ते वाक्य दीड वर्ष तिथंच तयार होऊन बसलं होतं.

सूरज अर्ध्या ताटावरून उठला. ताट घेऊन स्वयंपाकघरात गेला. मिनिटभरानं ट्रेमध्ये पाण्याचे पेले घेऊन बाहेर आला. पाहुण्यांपुढं वाकून धरला. मग माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "साहेब, चहा ठेवू का?"

दीड वर्ष तो मला काका म्हणत होता.

मी म्हणालो, "ठेव."

त्यानं चहा दिला, बशा उचलल्या. पाहुणीबाईंनी त्याच्याकडं कौतुकानं पाहिलं. "चुणचुणीत आहे हो पोरगा. अशी मुलं मिळत नाहीत हल्ली. साताऱ्याला द्या की आमच्याकडं." मी हसलो. त्या हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. शुभांगी दारात उभी होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि खाली बघितलं. पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा सूरज मागच्या दारानं गेला होता. त्याचं ताट धुऊन पालथं घातलेलं होतं.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. शुभांगीनं ताट वाढलं. घटकाभर झाली. ती म्हणाली, "अहो, आत्यांना फोन करा."

"करतो," मी म्हणालो आणि केला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. तो आला असता तर मला त्याच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी शुभांगीनं पुन्हा ताट वाढलं. तिसऱ्या गुरुवारी मीच म्हणालो, "वाढू नकोस." स्थळ जमलं होतं. घरात याद्या चालल्या होत्या. त्या गडबडीच्या आड मी लपलो.

मधे आत्या बाजारात भेटल्या. "काय गुरुवार, पोरगं जेवतंय न्हवं नीट?"

"हो तर. हल्ली भात जरा जास्त खातो."

आत्या समाधानानं मान हलवत गेल्या. भात जास्त खातो! कुणी विचारलं होतं मला इतकं? खोटं खरं वाटावं म्हणून मी त्याला तपशील जोडला होता.

सहावा गुरुवार. आम्ही तिघं जेवत होतो. दार उघडंच होतं. मान वर केली तर आत्या उभ्या. त्यांनी टेबलाकडं बघितलं. मोजलं नाही. नुसतं बघितलं.

"सूरज?"

"आज बरं नाही म्हणाला," मी म्हणालो. "मी तुम्हाला फोन करणारच होतो."

शुभांगीचा घास हातातच राहिला. प्राजक्ता उठून आत गेली. आत्या "बरं" म्हणाल्या आणि निघाल्या.

संध्याकाळी त्या सूरजच्या खोलीवर गेल्या. तो ठणठणीत होता. त्यांनी विचारलं, "जेवलास का रं दुपारी?" तो म्हणाला, "जेवलो की. काकांकडं. वांगी केलती काकूनं." आत्यांनी आमच्या ताटात भेंडी बघितली होती.

मग त्यांनी त्याला समोर बसवला आणि सगळं काढून घेतलं. सहा गुरुवार तो आयटीआय सुटल्यावर सायकलनं मिरजेच्या स्टेशनवर जात होता. फलाटावरच्या बाकावर बसायचा, जेवणाची वेळ टळली की परत यायचा. इतर सहा घरी नेहमीसारखा जेवायचा, म्हणून कुणाला काही कळलं नाही. त्याच बाकावर त्याला एक मुकादम भेटला होता. पुण्यात लग्नसमारंभांच्या वाढपाचं काम, राहणं-खाणं तिथंच. येत्या सोमवारी निघायचं ठरलं होतं. परीक्षा दीड महिन्यावर होती. आणखी चार दिवस गेले असते तर आत्यांचा हाही मुलगा एका वारापायी गेला असता.

दुसऱ्या दिवशी आत्या कॉलेजच्या कार्यालयात आल्या. मी खुर्ची पुढं केली. त्या बसल्या नाहीत.

"साहेब," त्या म्हणाल्या. वार मागायला आल्या त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं. "त्यो म्हनतोय जेवलो. तुमी म्हनताय बरं न्हाई. दोघं बी खोटं बोलताय. त्यो तुमच्यासाठी बोलतोय, तुमचं नाव जाऊ नये म्हनून. तुमी कुनासाठी?"

टेबलावरचे कागद सरळ करत मी म्हणालो, "आत्या, पाहुणे अचानक आले होते. त्या वेळी सुचलं नाही."

"त्या येळंचं मी म्हनत न्हाई. मानसाची जीभ घसरती. माझी बी घसरती. पन सा गुरुवार व्हते, साहेब. एक फोन का केला न्हाई? पोरगं आलं न्हाई, त्ये कुठं आसंल, एवढं एकदा तरी मनात आलं का तुमच्या?"

आलं होतं. प्रत्येक वेळी आलं होतं आणि प्रत्येक वेळी मी ते बाजूला सारलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. आत्या दाराकडं वळल्या. मग म्हणाल्या, "पोरीचं लगीन ठरलं म्हनं. चांगलं झालं. चांगली हाय पोरगी." आणि गेल्या. हळद लावायची सवय त्या दिवशीही सुटली नव्हती.

मी सूरजची माफी मागायला आयटीआयच्या फाटकावर गेलो. तो तेलकट हात पुसत बाहेर आला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "काका, तसलं काय न्हाई. पावने व्हते. आन् मी करतच व्हतो की काम तुमच्यात. नारळ सोलायचो." तो हसला. चेष्टा नव्हती त्यात. तो मला खरोखर सोडवत होता. मी म्हणालो, "गुरुवारी ये." तो "येतो" म्हणाला. मला माहीत होतं तो येणार नाही, आणि त्यालाही माहीत होतं की मला ते माहीत आहे.

मग मी डबा पाठवून बघितला. आत्यांच्या घरी, सूरजसाठी. डबा संध्याकाळी परत आला, घासून लख्ख, आणि रिकामा पाठवू नये म्हणून आत शेंगदाण्याची चटणी. सोबत निरोप: वार म्हंजे डबा न्हवं.

प्राजक्तानं लग्नाआधीच नवऱ्याला सगळं सांगितलं होतं, हे मला लग्नानंतर कळलं. एकदा साताऱ्याला गेलो असताना व्याही म्हणाले, "अहो, मग तसं सरळ सांगायचं की त्या दिवशी! मी स्वतः बोर्डिंगात राहून शिकलोय. लोकांनी दिलेल्या भाकरीवर. लग्नात का नाही बोलावलंत त्याला?" ते मनापासून बोलत होते. ज्या प्रश्नांच्या भीतीनं मी त्या मुलाला पानावरून उठवलं, ते प्रश्न कुणी विचारणारच नव्हतं. माझं खोटं कुणाच्या कामाचं नव्हतं. ते निव्वळ माझं होतं.

सूरज पुण्याला गेला नाही. मुकादमाला आत्यांनी मिरजेच्या फलाटावर गाठून काय सांगितलं कोण जाणे. पण गुरुवार मोकळा होता आणि परीक्षा जवळ आली होती. त्या दिवसांत आत्या आमच्या भागात दारोदार हिंडताना दिसायच्या. आमच्या फाटकावरून जायच्या, मान वळवायच्या नाहीत. एका दुपारी मी खिडकीतून बघितलं, तर त्या समोरच्या पाटीलमामांच्या दारात उभ्या. पाटीलमामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आमच्या मंडळाच्या वर्गणीला त्यांनी कधी दार उघडलं नव्हतं. आम्ही त्यांना चिक्कू म्हणायचो. मला वाटलं, आत्या मोकळ्या हातानं परत येणार. त्या आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या गुरुवारी दीड वाजता सूरजची सायकल समोर लागली. तो मला दिसला, मी त्याला दिसलो. त्यानं हात वर केला, "काय काका!" आणि आत गेला. थोड्या वेळानं पाटीलमामांचा आवाज आला, "अरे, हात धू की आधी! ग्रीस खातोस काय भाकरीसंगं?" आणि मग दोघांचं हसणं. त्या दिवसापासून मी गुरुवारी जेवायला घरी येणं सोडलं. कॉलेजातच डबा खातो.

सूरज परीक्षा पास झाला. कुपवाडच्या एका कारखान्यात लागला. दुसरा मुलगा आला, तोही गुरुवारी समोर जेवायला येऊ लागला.

आत्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात. त्या जतकडं भाचीकडं कायमच्या जाणार होत्या, गुडघे साथ देत नव्हते, आणि निघण्याआधी सातही घरांना सांगून येत होत्या. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी घरी होतो. पाटीलमामांकडून त्या बाहेर पडल्या, रस्ता ओलांडला आणि आमच्या फाटकाचा खांब धरून थांबल्या. दम लागला होता. मी धावत तांब्या-भांडं घेऊन गेलो.

त्यांनी भांडं बाजूला केलं आणि तांब्यालाच तोंड लावलं. डोळे मिटून सगळा तांब्या रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं.

"लय गार हाय वो पानी."

"माठातलं आहे," मी म्हणालो. "आत या ना आत्या. बसा जरा. शुभांगी आहे."

"न्हाई. अजून दोन घरं राह्यल्यात." मग तांब्याकडं बघत म्हणाल्या, "इतकी वर्सं तुमच्यात घोटभर बी घेतलं न्हवतं मी. ज्या घरात माझं पोरगं जेवतंय, त्या घरचं मी काय घेत न्हाई. मागनाऱ्यानं सोतासाठी घिऊ नये. आता तुमच्यात चालतंय."

आवाजात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. तहानलेलं माणूस पाणी पिऊन जसं बोलतं तशा त्या बोलल्या. तांब्या माझ्या हातात दिला, खांब सोडला आणि उन्हातून पुढच्या घराकडं निघाल्या. एक पाय ओढत, पण घाईनं. तिथं जेवायची वेळ झाली होती.